बिबेल

आमच्या वाडीला नाव पडलं ते बिब्याच्या झाडांवरून. झाड बिबा, त्याचं काळं फळही बिबा, आणि त्या फळातून निघतं ते बिबेल. पुण्यात परीट आणि वैद्य सोडले तर हा शब्द फारसा कुणाच्या तोंडी नसतो. बाकीच्यांना एवढंच ठाऊक असतं की कुणाच्या चाललेल्या कामात मोडता घातला की त्याला बिबा घातला म्हणायचं. बिबेल म्हणजे काय हे मला कुणी विचारलं तर मी सांगते, बसा जरा, थोडक्यात सांगता येण्यासारखं ते नाही.

आम्ही जातीचे परीट. बाप वाडीचं धुणं धुवायचा, पण वाडीच्या धुण्यावर घर चालत नव्हतं, म्हणून थंडीच्या दिवसांत तो बिबेल काढायचा. जमिनीत एक मडकं पुरायचं, त्यावर बुडाला भोक पाडलेलं दुसरं ठेवायचं, त्यात बिबे भरायचे आणि भोवतीनं गोवऱ्यांचा विस्तव करायचा. वरच्या मडक्यातून खालच्यात थेंब थेंब गळायचं ते काळपट आणि मधासारखं दाट. पुण्याच्या परटांना ते खुणांसाठी लागायचं. दहा वाड्यांचं धुणं एका घाटावर येतं, तेव्हा कुणाचं धोतर कुणाचं हे कळायला कोपऱ्यात काडीनं बिबेलाचा ठिपका देतात आणि वर चुना लावतात. कापड फाटतं, पण ती खूण जात नाही.

कातडीला मात्र ते भाजून काढतं. सगळ्यांना नाही, ज्याला बाधतं त्याला. आधी खाज सुटते, मग अंग सुजतं, फोड येतात, आणि फोडाचं पाणी लागेल तिथे नवा फोड उठतो. ह्याला बिबा उतणं म्हणतात. माझ्या बापाचे हात कोपरापर्यंत काळे होते आणि त्याला काही होत नसे. आम्हा दोघी बहिणींना मात्र तो त्या धुरातसुद्धा उभं राहू देत नसे.

तेव्हा वाड्यात श्रीमंत पेशवे नांदत होते आणि पुण्यात धुण्याला तोटा नव्हता. माझं लग्न कसब्यातल्या परटाच्या घरात झालं. घर नदीच्या अंगाला होतं. सासरा वारलेला, घरात सासू, नवरा आणि मी. एका मोठ्या सरदाराच्या वाड्याचं सगळं धुणं आमच्याकडे होतं. एका घराला ते आवरण्यासारखं नव्हतं, म्हणून जातीतली आणखी काही घरं त्यावर जगत होती. कुणाला किती गाठोडी द्यायची हे माझी सासू ठरवायची. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे झालं ते त्यामुळेच झालं.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी सासूनं मला खुणा करायला बसवलं. संध्याकाळपर्यंत माझी बोटं सुजून केळ्यासारखी झाली. सासूनं ती उलटसुलट करून पाहिली. बिबेलवाल्याची पोर आणि हिलाच बिबा उततो, असं म्हणून हसली, आणि ते काम नवऱ्याकडे दिलं. मला तेव्हा वाटलं, दया आली असेल.

मग मला मुलगी झाली. मुलगी चालायला लागली, बोलायला लागली, तरी दुसरं मूल झालं नाही. सासूचा भाऊ पुण्यातल्या आमच्या जातीचा मुख्य होता. तंटे तो तोडायचा, दंड तो सांगायचा. मी त्याला मामा म्हणायचे. त्याची मुलगी लग्नाची झाली होती आणि सासूला ती घरात हवी होती. मामा म्हणाला, मुलगी देतो, पण सवतीवर देणार नाही. हे बोलणं मी समोर भाकऱ्या थापत असताना झालं. चुलीदेखत बोलायला कुणाला संकोच वाटत नाही, तसा माझ्यादेखत बोलायला त्यांना वाटला नाही.

थोडे दिवस गेले. एका सकाळी मी नहाणीतून आले तर सासूनं माझी जांभळी चोळी घडी घालून माझ्या हातात दिली. लग्न झाल्यापासून माझं कापड तिनं कधी उचललं नव्हतं. मी चोळी घातली आणि गाठोडं घेऊन घाटावर गेले. दुपारपर्यंत पाठ आणि काखा पेटल्या. घरी येऊन चोळी काढली आणि उजेडात आतून पाहिली. जांभळ्या कापडात दिसेल न दिसेल असा तपकिरी पट्टा ओढलेला होता, आणि बोटानं चाचपला तर चिकट लागला. मला कुणाला विचारायची गरज नव्हती. मी तीळ आणि खोबरं वाटून पाठीला लावायला घेतलं, पण पाठीच्या मधोमध हात पोचेना. मुलीला लावायला सांगणार होते, मग तिच्या बोटांचा विचार आला आणि राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी फोड आले, ते फुटले, त्यांचं पाणी कमरेपर्यंत उतरलं. सासूनं पदर नाकाला लावला आणि मुलीला दंडाला धरून माझ्यापासून ओढून घेतलं. शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात तिनं सांगितलं की हा महारोग आहे, पोरीला शिवू देऊ नका.

मी नवऱ्याला चोळी दाखवली. तो मुलखाचा शांत माणूस. मारहाण त्यानं मला कधी केली नाही. त्यानं चोळी हातात घेतली, नाकाशी नेली आणि खाली ठेवली.

"बिबेल आहे," तो म्हणाला.

"मग सांगा की त्यांना."

त्यानं चोळी गुंडाळली. मग म्हणाला, "आईनं आता तोंडातून शब्द काढलाय. तो खोटा कसा पाडू?"

चोळी त्यानंच भट्टीत उकळायला घातली. पट्ट्यावर चुना नव्हता, म्हणून तो उकळून निघाला. दुसऱ्या दिवशी ती दोरीवर वाळत होती, स्वच्छ.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक वैद्यबुवा राहत. त्यांच्या घरचं धुणं मीच पोचवायचे आणि माझा बाप त्यांना औषधाला बिबे द्यायचा. मी त्यांच्या अंगणात लांब उभी राहिले आणि पाठ वळवून दाखवली. त्यांनी ओट्यावरूनच पाहिलं, जवळ यायची त्यांना गरज वाटली नाही. म्हणाले, हा भल्लातक आहे. भाल्यासारखा शिरतो म्हणून शास्त्रात त्याला हे नाव दिलं आहे. पंधरवड्यात उतरेल, काळे डाग तेवढे राहतील. मी म्हटलं, हे एवढंच आमच्या पंचांपुढे सांगा. ते जरा हसले.

"नाव सांगितलं, अर्थ सांगितला. ह्याहून जास्त औषध माझ्याकडे नाही. तुमच्या जातीच्या तंट्यात मला ओढू नका."

पंच देवळामागच्या पारावर बसले. मामा मध्ये, दोन्ही बाजूंना दोन-दोन म्हातारे. मला खाली, वाऱ्याच्या उलट्या बाजूला बसवलं होतं. वाडीहून बाप आला होता आणि त्याच्याबरोबर धाकटी बहीण. पारावरच्या पाचही जणांच्या बोटांच्या पेरांवर बिबेलाचे काळे डाग होते. जन्मभर त्यांनी दुसरं केलं काय होतं? प्रत्येकानं कुणाला ना कुणाला बिबा उतलेला पाहिला होता. मामानं मला पाठ दाखवायला सांगितली. मी दाखवली. सगळ्यांनी पाहिलं आणि सगळ्यांनी मान दुसरीकडे वळवली. त्या वेळी मला कळलं की उघडं पाडायला तिथे काही नव्हतंच. सगळ्यांना सगळं दिसत होतं. प्रत्येकाच्या घरात सासूनं दिलेली गाठोडी होती.

बाप उठला. त्याला बोलायची सवय नव्हती. म्हणाला, "ह्यो म्हारोग न्हाई. बिबा हाय. उतलाय पोरीला. तुमी समदे वळखता."

मामानं विचारलं, पुण्यात बिबेल येतं कुठून? बाप म्हणाला, माझ्याकडून. मग मामा म्हणाला की बिबेल तुझं, मुलगी तुझी, आणि दोष आमच्या घराला द्यायला निघालास. तूच आणून दिलं नसशील कशावरून? बाप एक पाऊल पुढे आला. तो म्हणाला, लावून दाखवतो. कमरेची कुपी काढून त्यानं डाव्या दंडावर सगळ्यांदेखत बिबेल चोळलं. परवा बघा, म्हणाला, असेच फोड येतील.

मी खालून ओरडणार होते की आबा, नका. त्याला स्वतःच्या कातडीचा विसर पडला होता. रागात माणसाला आपलं हाड-मांस आठवत नाही. पण तोवर त्यानं लावलं होतं आणि मामानं मान डोलवली होती. मामा ताबडतोब हो म्हणाला, कारण त्याला माझ्या बापाची कातडी माहीत होती.

दोन दिवस बाप नदीकाठच्या धर्मशाळेत राहिला. मला घराच्या मागच्या बाजूला, भट्टीच्या लाकडांशेजारी टाकलं होतं. मुलगी दारातून हाक मारायची आणि सासू तिला आत घ्यायची. तिसऱ्या दिवशी पंच पुन्हा बसले. बापानं बाही वर केली. दंडावर काळा ओघळ होता आणि त्याखाली कातडी चांगली, धडधाकट. एक फोड नाही. बाप त्या दंडाकडे बघत राहिला. त्यानं तो जोरानं खाजवून पाहिला, जणू खाजवल्यानं फोड येईल. पारावर कुणीतरी हसलं.

मामा म्हणाला, "उतला नाही."

बाप म्हणाला, मला उतत नाही, माझं सगळं आयुष्य त्यात गेलंय. मग मामानं शांतपणे सांगितलं की ठीक आहे, तुझी धाकटी पोर आहे ना इथे, तिच्या पाठीला लाव. रक्त एकच आहे. तिला असे फोड आले तर मोठी निर्दोष.

बहीण बापाच्या मागे उभी होती. तिचं लग्न ठरायचं होतं. पाठभर काळे डाग घेऊन तिला कुणी केलं नसतं. बापानं कुपीचं बूच काढलं. तो लावणार होता की नाही हे मला अजून सांगता येत नाही, आणि त्यालाही पुढे कधी सांगता आलं नाही. तिनं मात्र पदर काढून पाठ पुढे केली होती. ओठ दाबून धरले होते, डोळे मिटले होते.

मी म्हटलं, "तिला नको. महारोग आहे म्हणा."

मामानं एकदाच विचारलं, कबूल? मी म्हटलं, कबूल. पंचांनी निकाल दिला की हिला शिवेबाहेर न्यावं, मुलगी तिच्या बापाकडे, सासरीच राहील, आणि नवऱ्याला दुसरं लग्न करायला मोकळीक आहे. नवरा कडेला उभा होता. त्याचं माझ्याकडे लक्ष गेलं तेव्हा त्यानं जमिनीकडे पाहिलं. मुलीला भेटू देणार नाहीत हे मला ठाऊक होतं, तरी मी विचारलं. सासू म्हणाली की तुझ्या भल्यासाठीच सांगते, तिला लागण झाली तर तुलाच वाईट वाटेल.

आम्ही तिघं पर्वतीच्या बाजूनं वाडीला चालत निघालो. बहिणीनं माझं बोचकं घेतलं होतं. बाप पुढे होता, तो अधूनमधून थांबून बाही वर करायचा. वाडी दिसायला लागली तेव्हा तो एकदाच बोलला.

"माझ्या कातड्यानं तुला खाल्लं, पोरी."

पंधरवड्यात फोड वाळले. वैद्यबुवांचं निदान अगदी बरोबर होतं. पाठीवर काळे डाग राहिले, बाकी मी पहिल्यासारखी झाले. मला वाटलं, आता बोलायला जागा उरली नाही. मी कसब्यात गेले आणि दारात उभी राहिले. आतून नव्या सुनेच्या बांगड्या वाजत होत्या. सासू बाहेर आली. माझे हात, मान, चेहरा तिनं नीट पाहिला.

"बरी झालीस? महारोग बरा होत नसतो. म्हणजे तो तुला नव्हताच. मग पंचांपुढे कबूल का केलंस, खोटारडे?"

तिनं दार लावलं. ती शांतपणे बोलली होती, आवाजसुद्धा चढवला नव्हता.

त्यानंतर मी बापाच्या बिबेलाच्या भट्टीवर बसले. पहिल्या थंडीत हात कोपरापर्यंत उतले, दुसऱ्या थंडीत कमी, मग कातडी मेली. परटांच्या बायका वाडीवर येऊन बिबेल न्यायच्या, लांबून मडकं पुढे करायच्या. महारोग झालेल्या बाईच्या हातचं बिबेल चालत होतं, तिच्या हातचं पाणी चालत नव्हतं.

मुलगी मला एकदाच दिसली, घाटावर. ती सवतीबरोबर आली होती आणि दगडावर बसून तिनं पाय पाण्यात सोडले होते. सवत वरच्या अंगाला धूत होती. मी जवळ गेले. मुलीनं मला ओळखलं. पळाली नाही, पण पाय वर घेतले.

"तुझी बोटं आहेत का अजून?" तिनं विचारलं.

मी दोन्ही हात पुढे करून दाखवले.

"आजी म्हणते पडतील," ती म्हणाली. मग सवतीनं हाक मारली आणि ती गेली. मी ते हात घेऊन तिथेच उभी राहिले. काय करावं कळेना, म्हणून नदीत धुतले.

बाप गेला. बहिणीला एका विधुरानं करून घेतलं, दूर, घाटाखाली. मी वाडीवर एकटी राहिले. काही वर्षं अशीच गेली, आणि एका सकाळी सासू आणि नवरा आमच्या अंगणात येऊन उभे राहिले. सासू थकली होती, पण बसा म्हटल्याशिवायच बसली.

मुलगी आता लग्नाची झाली होती. सासवडकडचं स्थळ आलं होतं, चांगलं होतं. मुलाच्या बापानं चौकशी केली तेव्हा कळलं की मुलीच्या आईला महारोग होता. त्यानं निरोप पाठवला की जातीनं तसं ठरवलं होतं, आता जातीनंच सांगावं की नव्हता; नाहीतर मुलगी नको. दोन स्थळं आधीच परत गेली होती. सवतीला मूल नव्हतं, घरात हीच एक मुलगी. म्हणून ते माझ्याकडे आले होते.

मी म्हटलं, येते. खरं तेच सांगायचंय. चोळीचं सांगते.

सासू म्हणाली, "चोळीचं नाही सांगायचं. सुनेच्या चोळीला बिबेल लावणाऱ्या घरातली मुलगी कोण करील? तू सांगायचं की तूच लावलंस. सासरी राहायचं नव्हतं म्हणून."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो अंगणातली काटकी उचलून तिचे तुकडे करत होता. म्हणाला, पोरीचं कल्याण होईल. त्याच्या तोंडून माझ्यापुढे पोरीचं नाव इतक्या वर्षांत पहिल्यांदा निघालं. मी एकच मागितलं, मुलीशी एकदा एकटीनं बोलू द्या. सासूनं कबूल केलं.

पुन्हा तोच पार, पुन्हा मामा मध्ये. मी उभी राहून सांगितलं की माझ्या अंगावर बिबेल मीच लावलं होतं, मला महारोग कधी नव्हता, मी पंचांना फसवलं. सासवडचा माणूस ऐकत होता. एका म्हाताऱ्या पंचानं, का कोण जाणे, विचारलं, "बाई, पाठीच्या मधोमध तुझा हात कसा पोचला?"

मामा त्या म्हाताऱ्याकडे बघत होता.

"काडीनं लावलं," मी म्हटलं.

म्हाताऱ्यानं मान खाली घातली. पंचांना फसवल्याबद्दल मला जातीबाहेर टाकलं. महारोगी होते तेव्हा शिवेबाहेर होते, आता बरी झाले तर जातीबाहेर. सासवडच्या माणसानं सुपारी फोडायचं कबूल केलं आणि पारावर गूळ वाटला. मला दिला नाही.

मग सासूनं मुलीला देवळाच्या भिंतीशी आणलं. स्वतः चार हातांवर, ऐकू येईल अशी उभी राहिली. मुलगी उंच झाली होती, नवी खणाची चोळी घातलेली. मी मनात पुष्कळ काही जुळवून आणलं होतं. तिनं मला बोलू दिलं नाही.

"तू स्वतःच लावलंस?" तिनं विचारलं. "मला टाकून जाता यावं म्हणून?"

सासू भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. माझ्याकडे शब्द होता. बिबेल हा एवढा एक शब्द, आणि ते कुणाच्या हातून लागलं ते. मी तो सांगितला असता तर मुलगी तशीच आजीकडे धावली असती, रडली असती, आणि सासवडचा माणूस अजून पारावर बसलेला होता.

"हो," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण तिनं पदर सावरला, आजीचा हात धरला आणि दोघी निघून गेल्या. लग्नाला मला बोलावलं नाही, आणि बोलावणं येईल अशी माझी अपेक्षाही नव्हती.

नवरा नंतर पुण्यातल्या साथीत गेला. वाडीवर निरोप आला नाही. बिबेल न्यायला आलेल्या बाईनं बोलता बोलता सांगितलं, आणि तिची नजर माझ्या कपाळावर गेली. तेव्हा मी कुंकू पुसलं. सासू त्यानंतरही पुष्कळ जगली आणि सरदाराचं धुणं शेवटपर्यंत तिच्याच हातात राहिलं. मुलीला तीन मुलं आहेत, असं ऐकते. सासवडला ती सुखात आहे. तिची सासू फार चांगली आहे म्हणतात.